निर्णय सहकाऱ्यांच्या हाती कसे सोपवावेत : शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्यांसाठी

विदर्भातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या, म्हणजे शेतकरीच भागधारक असलेल्या कंपनीच्या, खरेदी केंद्रावर सोयाबीनच्या हंगामात दिवसभर बसले, तर तेथे नेतृत्व किती जणांकडे आहे हे दुपारपर्यंतच कळते. ओलावा तपासणारा तरुण यंत्रावरचा आकडा वाचतो आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. बारदाना संपत आल्याचे गोदामपालाला सकाळपासून दिसत असते, पण मागवण्यासाठी तो परवानगीची वाट पाहतो. पैसे कोणत्या क्रमाने खात्यात टाकायचे हे लेखापाल ताईंना पक्के ठाऊक असते, तरीही "साहेब, आधी कोणाचे टाकू?" असा प्रश्न येतोच. ही सर्व माणसे कामात तरबेज असतात. फक्त निर्णय घेण्याची आणि त्याच्या परिणामांसह उभे राहण्याची संधी त्यांना कोणी दिलेली नसते. ती कशी द्यावी, याविषयी हे लेखन आहे.

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे व लेखापालाचे वेतन प्रामुख्याने त्यातूनच निघते. ही मदत थांबली आणि अधिकारी नागपूरला किंवा पुण्याला निघून गेला, की ज्या कंपनीचे सर्व व्यवहार त्याच्याच डोक्यात होते, ती कंपनी पुढच्या हंगामात केंद्रच उघडू शकत नाही. सभासदांनी भागभांडवलात घातलेला पैसा अशा वेळी अडकून पडतो.

सुरुवात एका वहीने करावी. हंगामातील एक आठवडा, सहकारी आपल्याला जे जे विचारतात ते नावासह लिहून ठेवावे आणि नंतर प्रत्येक प्रश्नापुढे तो का विचारला गेला याचे कारण लिहावे. काही प्रश्न माहिती नसल्यामुळे येतात; त्यांवर उपाय म्हणजे माहिती देणे, आणि तो सर्वांत सोपा. काही प्रश्न अधिकार नसल्यामुळे येतात. उरलेले, आणि माझ्या मते सर्वाधिक, प्रश्न माहिती व अधिकार दोन्ही असूनही येतात, कारण चुकल्यास पाठीशी कोणी उभे राहील याची खात्री नसते. बहुतेक संस्था या तिसऱ्या प्रकारावरही प्रशिक्षणाचाच उपाय करतात. तीन दिवसांच्या शिबिराने मात्र ती खात्री मिळत नाही.

यानंतर एक निर्णय निवडून तो पूर्णपणे सोपवावा. "थोडे लक्ष ठेवा" किंवा "तुम्ही पाहून घ्या, अडले तर सांगा" असे म्हणणे म्हणजे सोपवणे नव्हे. सोयाबीनच्या प्रतवारीचे उदाहरण घेऊ. हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के असते. २०२४-२५ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली होती. कंपनी स्वतःसाठी माल घेते तेव्हा मात्र मर्यादेच्या थोडा वर असलेला माल घ्यायचा की नाही आणि घेतल्यास किती कपात करायची, हे ठरवणारी व्यक्ती केंद्रावरच असावी लागते. म्हणून संचालक मंडळाने ठराव करून प्रतवारी करणाऱ्या सहकाऱ्याला तीन गोष्टी लेखी द्याव्यात : किती ओलाव्यापर्यंत तो स्वतःच्या अधिकारात माल स्वीकारू शकतो, कपातीचा तक्ता कोणता, आणि कोणत्या परिस्थितीत त्याने फोन करणे अनिवार्य आहे. या चौकटीच्या आत त्याने घेतलेला निर्णय अंतिम, असे ठरावात स्पष्ट शब्दांत लिहावे आणि तो ठराव केंद्राच्या भिंतीवर लावावा. लेखी मर्यादेमुळे नव्या माणसाला जितका आधार मिळतो, तितकाच तो शेतकऱ्यालाही मिळतो, कारण कपात कोणाच्या मर्जीने झालेली नाही हे त्याला दिसते.

केव्हा सोपवावे, हेही महत्त्वाचे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना नव्या माणसाच्या हाती प्रतवारी देणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते. हरभऱ्याच्या खरेदीत ती जबाबदारी द्यावी, त्यानंतर मे महिन्यात घरच्या सोयाबीन बियाण्याच्या उगवण चाचणीची शिबिरे त्याच्याकडे द्यावीत. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवलेले मोजायचे आणि सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते बियाणे पेरणीसाठी घेऊ नका असे शेतकऱ्याला तोंडावर सांगायचे, हे काम दिसायला लहान आहे. परंतु गावात नकार देणे आणि त्यामागचे कारण शांतपणे समजावणे यांचा सराव त्यात पुरेपूर होतो. खरिपाची खरेदी सुरू होईपर्यंत तो माणूस तयार झालेला असतो.

टप्प्याटप्प्याने सोपवण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच भागात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील फारसे शिक्षण न झालेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यासाठी आरोग्यदूत म्हणून तयार केले. पहिल्या वर्षी या स्त्रियांनी मुख्यतः तपासणी आणि नोंदी केल्या. जंतुसंसर्गावरील उपचार, इंजेक्शनसह, त्यानंतर त्यांच्या हाती आले. पर्यवेक्षक डॉक्टर दर पंधरवड्याला गावात येऊन नोंदी तपासत, चुका दाखवत, शिकवत. बाळावर उपचार मात्र स्वतः करत नसत. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. डॉक्टर समोर असूनही उपचार आरोग्यदूतच करणार, हा नियम मला या साऱ्या पद्धतीचा कणा वाटतो. आपण केंद्रावर गेल्यावर आकडा स्वतः वाचून निर्णय सांगू लागलो, तर सहा महिन्यांत उभा राहिलेला अधिकार सहा मिनिटांत संपतो.

खरी कसोटी फोनवर लागते. मोठ्या शेतकऱ्याचा किंवा एखाद्या संचालकाच्या नातेवाइकाचा माल परत गेला, की तो केंद्रावर वाद घालत बसत नाही, थेट वरच्या माणसाला फोन लावतो. अशा वेळी उत्तर एकच असावे : "भाऊ, केंद्रावर त्याचाच निर्णय चालतो. तुम्हाला शंका असेल तर तुमच्यासमोर पुन्हा नमुना काढून तो दुसऱ्यांदा तपासेल." फेरतपासणीचा हा मार्ग आधीच ठरवून ठेवावा आणि ती त्याच सहकाऱ्याने करावी. त्याची चूक झाली असेलच, तर ती त्याने स्वतः सुधारलेली लोकांना दिसते आणि त्याचा मान वाढतो. आपल्याला काही सांगायचे असल्यास ते संध्याकाळी, काटा बंद झाल्यावर, दोघांतच बोलावे. त्या बोलण्यात आधी त्याला विचारावे की त्याने काय पाहिले, काय गृहीत धरले आणि तोच माल उद्या पुन्हा आला तर तो काय करील; आपले मत शेवटी आणि थोडक्यात सांगावे.

पैशातील अप्रामाणिकपणा आणि निर्णयातील चूक या दोन गोष्टी कधीही एका तराजूत घालू नयेत. चुकीला वाव द्यावा, ती कंपनीला किती रुपयांपर्यंत परवडेल हेही आधी ठरवावे. अफरातफरीला पहिल्याच वेळी नियमाप्रमाणे सामोरे जावे.

समान दर्जाच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत रीत वेगळी आहे, कारण त्यांना अधिकार देणारे आपण नसतो. त्यांना पुढे यायला जागा करून देणे मात्र आपल्या हाती असते. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांशी कर्जाची बोलणी, तालुका कृषी अधिकाऱ्यांसमोरील सादरीकरण, व्यापाऱ्याशी भाव ठरवणे अशा प्रसंगी बोलण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे आणि आपण शेजारी गप्प बसावे. प्रश्न आपल्याला विचारला गेला, तरी तो त्यांच्याकडे वळवावा.

स्त्री संचालकांबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. उत्पादक कंपनीत कायद्याने किमान पाच आणि कमाल पंधरा संचालक असतात. त्यांतील स्त्रियांची बहुधा सह्यांपुरतीच आठवण काढली जाते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, त्यामुळे ग्रामपंचायत चालवलेल्या, बचत गटाचे कर्ज वेळेवर फेडून घेतलेल्या अनेक जणी आज प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना नेतृत्व शिकवण्याआधी आपण सभेची वेळ बदलावी. वेचणी-सोंगणीच्या दिवसांत सकाळी दहाची सभा किंवा शेवटची एसटी गेल्यावर संपणारी सभा त्यांना आपोआप बाहेर ठेवते. सभेच्या आदल्या दिवशी हिशेबाचा कागद त्यांच्यासोबत बसून वाचावा, आणि सभेत पतीने त्यांच्या वतीने बोलू नये हा नियम अध्यक्षांनी सर्वांसमोर सांगावा.

या आदल्या दिवशीच्या बैठकीचा फायदा पुरुष संचालकांनाही होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने अभ्यास गटात विषय समजून घेणे आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेणे, अशी दोन कामे वेगळी ठेवली. कंपनीनेही तसे करावे. अभ्यासाच्या बैठकीत मत विचारू नये, ठराव करू नये. त्यामुळे अडाणी ठरण्याची भीती न बाळगता कोणीही प्रश्न विचारू शकतो.

तयार केलेली माणसे सोडून जातील, अशी भीती अनेक अधिकारी बोलून दाखवतात. काही जातीलच. म्हणून प्रत्येक कामासाठी एकाऐवजी दोघांना तयार करावे आणि पहिल्याने दुसऱ्याला शिकवावे, कारण शिकवताना त्याचे स्वतःचे ज्ञानही पक्के होते.

एवढे झाल्यावर ऐन खरेदीच्या हंगामात चार दिवस रजा घ्यावी आणि फोन फक्त ठरावात लिहिलेल्या अनिवार्य कारणांसाठीच उचलावा. परत आल्यावर आवक नोंदवही, कपातीचे तक्ते आणि खात्यांत टाकलेल्या पैशांचा क्रम तपासावा. एखादा निर्णय आपण वेगळा घेतला असता असे वाटले, पण तो ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत असेल, तर तो तसाच राहू द्यावा. मर्यादाच चुकीची वाटत असेल, तर ती पुढील संचालक मंडळाच्या सभेत, त्या सहकाऱ्याला समोर बसवून बदलावी.