सामूहिक सौरवीज: शहापूर-मुरबाडच्या गटांनी या चुका टाळाव्यात

सौर प्रकल्पाच्या बैठकीत पहिला तास पॅनेलवर जातो. किती वॅटचं, कुठल्या कंपनीचं, गारा पडल्या तर काच टिकेल का. मी ठाण्यात नोकरी करतो, शेत शहापूर तालुक्यात आहे आणि आम्ही अकरा खातेदार वर्गणीतून घेतलेला साडेसात एचपीचा सामाईक सौर पंप चार वर्षं चालवतोय. या चार वर्षांत आमचं काम पॅनेलमुळे कधीच अडलं नाही. अडलं ते सातबाऱ्यामुळे, विहिरीमुळे आणि हिशेबाच्या वहीमुळे. आता आजूबाजूच्या गावांत अर्ध्या मेगावॅटच्या प्रकल्पांची बोलणी सुरू झाली आहेत. तिथे चूक झाली तर ती लाखांत मोजावी लागेल, म्हणून हे लिहून काढतोय.

भाड्याने दिलेली जमीन म्हणजे गावाचा प्रकल्प नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे दिसतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन भाड्याने देता येते. भाडं हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये, दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ. प्रकल्प उभा करतो विकासक, मालकीही त्याचीच. ज्या वरकसात, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत, नाचणीसुद्धा नीट येत नाही तिथे हे उत्पन्न चांगलंच आहे, घ्यावं. पण वीज कोणाला, किती दराने विकायची, देखभालीला माणूस कुठला ठेवायचा, यातलं काहीही गावाच्या हातात राहत नाही.

केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतल्या 'अ' घटकाचं गणित वेगळं आहे. तिथे शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायत स्वतः ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभारून वीज वितरण कंपनीला विकू शकते. विक्रीचे पैसे गटाचे, आणि कर्ज, बिघाड, विमाही गटाचाच. सभेत 'आपला प्रकल्प' हे शब्द निघाले की आधी विचारा: यातला कोणता? एका गावात सहा महिने बैठका झाल्या. निम्मे लोक भाड्याचा हिशेब करत होते आणि निम्मे युनिटच्या दराचा. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोघंही त्याला 'सोलरचे पैसे' म्हणत होते.

सातबारा वाचल्याशिवाय जागा दाखवू नका

एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात, तीही शक्यतो वीज उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत. आपल्याकडे सगळ्यांचं बोट लगेच डोंगरउताराच्या वरकसाकडे जातं. 'रिकामीच पडलीय ना ती.' दिसायला रिकामी असते, पण ठाणे जिल्ह्यात अशा कित्येक जमिनींच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत वनाची नोंद आहे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यातून ती आलेली असते, आणि बऱ्याच घरांत कर्ज काढायला गेल्यावरच ती कळते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि भाडेपट्टाही त्यातून सुटत नाही. भोगवटादार वर्ग २ (विकण्या-देण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल किंवा कुळकायद्यात मिळालेली जमीन असेल तर अटी वेगळ्या. तलाठ्याकडून जुने फेरफार काढा आणि शांतपणे वाचा. पंधरा दिवस जातील, जाऊ द्या.

दुसरी गोष्ट, सातबाऱ्यावर नावं किती आहेत ते मोजा. माझ्या दोन आत्या आहेत, एक ऐरोलीला, एक कळव्याला. पाइप आमच्या सामाईक बांधावरून न्यायचा होता. आम्ही भावाभावांनी ठरवलं आणि सहीसाठी कागद घेऊन त्यांच्या दारात गेलो. सह्या मिळायला आठ महिने लागले. मोठी आत्या एवढंच म्हणाली, "ठरवताना बोलावलं असतंस तर मी तिथेच सही केली असती." तिचं बरोबर होतं. आता नवीन कुठल्याही गटाला मी पहिली बैठक कल्याण-ठाण्याला राहणाऱ्या खातेदारांसकट घ्यायला सांगतो. गावात राहून प्रत्यक्ष पंप चालवणाऱ्या बायकांनाही बोलवा, मग सातबाऱ्यावर नाव असो वा नसो. पाण्याची पाळी कुठे अडते ते त्यांनाच माहीत असतं.

आणि तोंडी भागीदारीवर विसंबू नका. आमची विहीर एका सभासदाच्या शेतात आहे. ते अचानक गेले. वारस नोंद झाली आणि मुलांना वाटलं, विहीर आपली तर पंपही आपला. त्यांच्या आईने सगळ्यांसमोर सांगितलं की वर्गणी अकरा घरांची आहे, म्हणून निभावलं. नंतर आम्ही पाणी घेण्याचा, पाइप नेण्याचा आणि पॅनेलखालच्या जागेचा करार नोंदवून घेतला. पहिल्या दिवशी करायचं काम आम्ही तिसऱ्या वर्षी केलं.

मे महिन्याच्या उन्हावर हप्ता ठरवू नका

विक्रेता जो आकडा दाखवतो तो बहुतेक वेळा चांगल्या उन्हाचा असतो. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरणं ठीक आहे, पण वर्षाची सरासरी म्हणून. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं, झड लागली तर त्याहून खाली. सिंचनाच्या पंपाला त्याचं काही वाटत नाही, कारण भाताच्या खाचरात तेव्हा पाणी उभंच असतं आणि पंपाची खरी गरज दिवाळीनंतर भेंडी, काकडी, वालाला लागते. वीज विकणाऱ्या प्रकल्पाचा हप्ता मात्र जुलैतही येतो. बँकेशी बोलतानाच महिनावार उत्पादनाचा तक्ता पुढे ठेवा आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांची रक्कम आधीच बाजूला काढा.

ऊन आहे, पण वीज नाही

ग्रीडला जोडलेला प्रकल्प असेल तर सगळ्यात आधी लाइन बघा. लाइन गेली की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रीडला चालेल अशी करणारं यंत्र) आपोआप बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे, तिच्याशी खेळू नका. पण तेवढा वेळ तुमचं उत्पादन शून्य असतं. वादळवाऱ्यात फांद्या पडून आपल्याकडची ११ केव्हीची लाइन तासन्‌तास बंद राहते. प्रत्येक वेळी बंद-चालूची वेळ वहीत लिहा. वीजखरेदी करारात लाइन बंद असतानाच्या नुकसानीबद्दल काय म्हटलंय ते सही करण्याआधी वाचा. ते कलम लागू करायची वेळ आली की हीच वही पुरावा ठरते.

लाइन आहे तरी युनिट कमी येत असतील तर गेल्या वर्षीचा तोच आठवडा काढून ताडून बघा, कालच्या आकड्याशी नको. मग सावली: चार वर्षांत सागाचं झाड किती वाढतं ते आपल्याला ठाऊक आहे. मग काच. शेवटी स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलची रांग. एखादीच स्ट्रिंग मेली असेल तर एकूण आकडा थोडाच उतरतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने प्रत्येक स्ट्रिंगचा करंट वर्षातून दोनदा मोजून घ्या. भर उन्हात डीसी कनेक्टर ओढून काढायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. ठिणगी धरते आणि हात भाजतो. आमच्या कंट्रोलरच्या खोक्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, तेव्हापासून केबलच्या भोकाला सील लावतो.

काच पहाटे किंवा संध्याकाळी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर डाग राहतात, पुसून घ्या. गवत शक्यतो विळ्याने कापा, मशीनने उडालेला एक खडा पॅनेलची काच तडकवतो. विजा मे-जून आणि ऑक्टोबरला जास्त, म्हणून अर्थिंगची तपासणी एप्रिलमध्येच उरका.

राब आणि वणवा

हे शहरातून येणाऱ्या कंत्राटदाराच्या यादीत नसतंच. फेब्रुवारीपासून शिवारात राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जाळायची जागा) भाजले जातात, तेही पॅनेलला सगळ्यात जास्त ऊन मिळण्याच्या दिवसांत. जवळ वीटभट्टी असेल तर धूर वेगळा. राखेचा पातळ थर लांबून दिसत नाही, हाताला लागतो. त्या तीन महिन्यांत धुण्याच्या फेऱ्या वाढवा, आणि शेजारच्यांशी बोलून राब कुठल्या दिवशी, कुठल्या वाऱ्याला भाजायचा ते ठरवा. माळावरचा वणवा त्याहून वाईट. कुंपणाबाहेर चारी बाजूंनी जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा ठेवा, आणि केबल गवतावर उघडी टाकू नका.

फुकट वीज, आटलेली विहीर

पहिल्या उन्हाळ्यात आमचा पंप सकाळी नऊपासून पाचपर्यंत चालायचा, गरज असो नसो. ऊन फुकट आहे, मग बंद कशाला करायचा? मार्चअखेर विहिरीने तळ दाखवला. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ पासून सौर पंपधारक शेतकऱ्यांची सहकारी संस्था चालते. तिथे पंपाला न लागलेली वीज वितरण कंपनी विकत घेते, मूळ दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे, करार २५ वर्षांचा. जास्त पाणी उपसलं की विक्रीचे पैसे जातात, त्यामुळे पंप बंद ठेवण्यातही फायदा दिसतो. आमचा पंप ग्रीडला जोडलेला नाही, म्हणून आम्ही तासांवर मर्यादा घातली. कंट्रोलरवर तास दिसतात, पाळी त्यावरूनच मोजतो.

वही कोणाकडे?

वीज सहकार महाराष्ट्राला नवा नाही. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चाळीस वर्षं शेकडो चौरस किलोमीटरच्या शेतीपट्ट्याला वीज वाटली. वीजखरेदीचं देणं फुगत गेलं आणि २०११ च्या सुरुवातीला तिथलं वितरण महावितरणकडे गेलं. खांब आणि तारा होत्या, ग्राहक होते, सभासद होते. येणं आणि देणं यांतली दरी मात्र भरली नाही.

आपला गट दहा-वीस घरांचा असला तरी दरी तशीच पडते. पॅनेल पंचवीस वर्षं चालतं. इन्व्हर्टर किंवा कंट्रोलर साधारण दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो, म्हणजे त्याची रक्कम पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात पडायला हवी. खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा, त्यातली एक गावात राहणाऱ्याची. मीटरचं वाचन एकाने करायचं, वहीत दुसऱ्याने लिहायचं, आणि आकडा त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचा. आमचं वाचन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. कळवा-कल्याणहून येणाऱ्यांना सकाळची कसारा लोकल मिळावी म्हणून वेळ अकराची ठेवली आहे.