प्लाझ्मा कटरने प्लेटच्या मधोमध भोक पाडताना नोझल कशी वाचवायची

पावसाळ्यात कटरला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरचा खालचा कॉक उघडला की आमच्याकडे गोव्यात तांब्याभर पाणी निघतं, ते दिवसातून दोनदा काढा आणि फिल्टर लावा, नाहीतर टॉर्चमधला (हातात धरायच्या दांड्यातला) इलेक्ट्रोड आठवडाही टिकत नाही. हवेचं प्रेशर मशीनवर लिहिलंय तेवढंच. अर्थचा क्लॅम्प गंजावर लावू नका, ग्राइंडर मारून चकचकीत जागा करा. 40 अँपियरला डोळ्यांवर 5-6 नंबरची काळी काच.

आता खरा घोळ. कडेपासून कट सुरू करणं पोरखेळ आहे, पण प्लेटच्या मधोमध भोक पाडायचं म्हटलं की नोझल जाते, म्हणजे टॉर्चच्या टोकाचा तो तुकडा, ज्याच्या भोकातून कापणारी ज्योत (आर्क) निघते. जुवारी नदीकाठी एका भंगारात निघालेल्या बार्जची (माल वाहायच्या सपाट बोटीची) 8 मिमी प्लेट कापताना मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार नोझल उडवल्या. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो म्हणाला मशीन लहान पडतंय, मोठं घ्या. मशीन ठीक होतं, माझा हात चुकत होता.

होतं काय, प्लेट आरपार होईपर्यंत वितळलेल्या लोखंडाला खाली वाट नसते, म्हणून ते उसळून सरळ वर येतं आणि नोझलच्या तोंडाला चिकटतं. मग नोझलचं गोल भोक अंड्यासारखं होतं, आर्क तिरका जातो, कटही तिरका. आणि लोक सांगतात काय, तर टॉर्च काटकोनात धरा, टेकवा आणि ट्रिगर दाबा! सीएनसी टेबलावर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटरवर) टॉर्च सरळच असतो, पण तो भोक पाडताना आधी वर उचललेला असतो हे कोणी सांगत नाही.

हाताने करताना टॉर्च प्लेटपासून 5-6 मिमी वर आणि साधारण 40 अंश कलता धरा, ट्रिगर दाबा, ठिणग्या एका बाजूला उडू द्या (त्या बाजूला तुमचे पाय, गॅसची नळी, कोणाची स्कूटर नको). मग हळूहळू टॉर्च उभा करत आणा आणि खालून ठिणग्या पडल्या की मगच पुढे सरका, त्याआधी इंचभरही नाही. भोक नेहमी टाकाऊ भागात पाडायचं, रेषेवर नाही. प्लेट 8 मिमीच्या पुढे असेल तर मी सरळ ड्रिल मारतो, हसणारे हसू देत.

बार्जची बंद टाकी किंवा झाकणबंद पिंप असेल तर कटर लांबच ठेवा, आत गॅस साचलेला असतो आणि स्फोट होतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून कापा, तो धूर घेतला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

पुढे कापताना खालच्या ठिणग्या जरा मागे झुकलेल्या हव्यात. खाली जाड फुगीर स्लॅग (वितळून थिजलेलं लोखंड) राहिला तर तुम्ही हळू जाताय, तो छिन्नीच्या एका टोल्याने पडतो. बारीक आणि घट्ट चिकटलेला असेल तर घाई केलीत, आता ग्राइंडर काढा.