परदेशात एमबीबीएसला जाताना या चुका टाळा

नीटचा निकाल लागला की पुढचे दोन महिने माझ्याकडे रुग्णांइतकेच पालक येतात. त्यांच्या हातात एजंटने दिलेली गुळगुळीत कागदाची पुस्तिका असते आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘मॅडम, जॉर्जिया बरा की किर्गिझस्तान?’ हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. सहा-सात वर्षांनी मुलगा परतला की महाराष्ट्र वैद्यक परिषद त्याच्याकडे कोणते कागद मागणार, हे आधी पाहावे लागते, आणि नेमके तेच पाहिलेले नसते. सरकारी जागा थोड्या आहेत आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेरचे आहे, त्यामुळे परदेशाचा विचार करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. मात्र आठ दिवसांत पैसे भरून मोकळे होण्याची घाई मला पाहवत नाही.

‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबणे

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग म्हणजे एनएमसी परदेशी विद्यापीठांची कोणतीही मान्य यादी काढत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागतिक सूचीत एखादे नाव असले, तर त्याचा अर्थ ते महाविद्यालय अस्तित्वात आहे, एवढाच होतो. आयोग विद्यापीठाचे नाव पाहून नव्हे, तर तुमचा अभ्यासक्रम नियमांत बसतो की नाही हे पाहून निर्णय घेतो, आणि हे नियम १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहेत. किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, त्यानंतर त्याच संस्थेत किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी, आणि त्या देशातल्या नागरिकाला मिळतो तसाच व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता, या त्यातल्या मुख्य अटी आहेत. शिवाय भारतात परतल्यावर परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप असते.

माझ्या परिचयातल्या एका शिक्षकांनी शेत विकून मुलाला पाठवले होते. हॉटेलच्या हॉलमध्ये एजंटचा मेळावा झाला, मुलाला तिथेच पांढरा ॲप्रन भेट मिळाला आणि त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम दिली गेली. मुलगा तिसऱ्या वर्षाला असताना ते माझ्याकडे आले, तेही सहज, फी वाढल्याची तक्रार सांगायला. मी तोपर्यंतची गुणपत्रके आणि पुढच्या वर्षांचा अभ्यासक्रम मागवला आणि पेन्सिलने एकेक सत्र मोजत गेले. पुस्तिकेत ‘सहा वर्षे’ लिहिले होते, पण त्यातले पहिले वर्ष भाषेचे आणि पूर्वतयारीचे होते, शेवटचे इंटर्नशिपचे, आणि मधे वैद्यकीय विषयांची सत्रे होती फक्त आठ. म्हणजे ४८ महिने. सर दोन वेळा म्हणाले, ‘पण मान्यता आहे असं त्यांनी लेखी दिलंय.’ ते लेखी पत्र एजंटच्या लेटरहेडवर होते. दुसऱ्या विद्यापीठात चौथ्या वर्षात बदली घेण्याचा मार्गही नव्हता, कारण सगळे शिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत झाली पाहिजे, अशी अट आहे. तो मुलगा आज दुसऱ्या देशात पुन्हा पहिल्या वर्षापासून शिकतो आहे.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. पालक आले की मी पुस्तिका बाजूला ठेवायला सांगते आणि विद्यापीठाचा सत्रनिहाय अभ्यासक्रम मागते, तोही एजंटकडून नव्हे, थेट विद्यापीठाच्या शिक्क्यासह. महिने मी स्वतः मोजते. परवान्याच्या अटीसाठी त्या देशाच्या आरोग्य खात्याला किंवा वैद्यक परिषदेला ईमेल करून लेखी उत्तर घ्यायला लावते. याला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढ्यात एजंटचे ‘शेवटच्या तीन जागा’ असे चार फोन येऊन जातात. त्या जागा मी गेली कित्येक वर्षे तीनच ऐकते आहे.

नीट न देता जाणे

२०१८ पासून परदेशी जाणाऱ्यालाही नीट पात्र व्हावेच लागते. नापास मुलाला ‘तिकडे चालतं’ असे सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

रुग्णाची भाषा शिकण्याचा कंटाळा

वर्ग इंग्रजीत असतो, पण खाटेवरचा रुग्ण रशियन, किर्गिझ किंवा जॉर्जियन बोलतो. काही ठिकाणी तर पहिली तीन वर्षे इंग्रजीत आणि पुढे स्थानिक भाषेत शिकवतात, आणि तसा द्विभाषिक अभ्यासक्रम वरच्या माध्यमाच्या अटीला सरळ धक्का लावतो. बहुतेक मुले प्राध्यापकांच्या मागे घोळक्यात उभी राहतात, प्राध्यापक रुग्णाशी पाच मिनिटे बोलतात आणि मुलांना त्यातले एक वाक्य इंग्रजीत मिळते. अशी दोन-तीन वर्षे गेली की रुग्णाला प्रश्न विचारण्याची सवयच लागत नाही.

आमच्याकडे परदेशात शिकून आलेला एक इंटर्न होता, हुशार आणि परतल्यावरची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झालेला. एका रात्री विंचू चावलेले सात वर्षांचे मूल आले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला, हे उत्तर त्याने परीक्षेसाठी नक्कीच पाठ केलेले होते. त्याने आईला ‘कधी चावला’ आणि ‘कुठे चावला’ एवढेच विचारले आणि तो पायावरची दंशाची जागा पाहत बसला. मूल घामाने थबथबले होते, दोनदा उलटी झाली होती, आणि तरीही त्याने त्याच्या अंगाला हात लावला नव्हता. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, ‘डॉक्टर, पोराचे हातपाय बर्फासारखे गार पडलेत.’ मला बोलावणे आले, औषध सुरू झाले आणि दोन दिवसांनी मूल घरी गेले. तो इंटर्न नंतर मला म्हणाला, ‘मॅडम, चार पर्याय दिले असते तर मी बरोबर ओळखलं असतं.’ त्याला मी काही बोलले नाही, कारण चूक त्याच्या एकट्याची नव्हती.

तिथली भाषा पहिल्या महिन्यापासून शिका, आणि तीही बाजारहाटापुरती नव्हे. दुखते कुठे, कधीपासून, ताप चढतो कधी, लघवी होते का, असे वीस प्रश्न आधी तोंडपाठ करा आणि रोज एका रुग्णाला विचारा. सुट्टीत घरी आलात तर महिनाभर जवळच्या सरकारी रुग्णालयात परवानगी घेऊन बाह्यरुग्ण विभागात बसा. या दिवसांची नियमात कुठेही नोंद होत नाही, पण सर्पदंश, डेंग्यू आणि क्षयरोगाचे रुग्ण डोळ्यांखालून जातात.

परीक्षेचे ‘आल्यावर बघू’

नेक्स्ट ही नवी परीक्षा सुरू होईपर्यंत परतलेल्यांना एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची परीक्षा, द्यावी लागते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कागदावर ती सोपी वाटते. जून २०२३ च्या सत्रात सुमारे १० टक्के, तर डिसेंबर २०२४ च्या सत्रात सुमारे २९ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले, म्हणजे बऱ्या सत्रातही तिघांपैकी दोघे मागे राहिले. एकोणीस विषय सहा महिन्यांच्या क्रॅश कोर्समध्ये उरकण्याचा प्रयत्न करणाऱ्यांविषयी मला फारशी सहानुभूती वाटत नाही. सामुदायिक वैद्यकशास्त्र तर तिकडे भारताच्या लसीकरणाच्या वेळापत्रकानुसार किंवा इथल्या क्षयरोग कार्यक्रमानुसार कोणी शिकवत नाही. त्याची भारतीय पुस्तके पहिल्याच सुट्टीत घेऊन जा.

वर्षांचा आणि पैशांचा अर्धा हिशेब

इथे एमबीबीएस साडेपाच वर्षांत होते. तिकडचे सहा धरले, परीक्षेची वाट पाहण्यात काही महिने गेले आणि इथल्या इंटर्नशिपचे एक वर्ष मिळवले, तर साडेसात वर्षे सहज होतात. त्यातही महाविद्यालयांना मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच परदेशी पदवीधर इंटर्न घेता येतात, त्यामुळे रांग लागते. फी डॉलरमध्ये असते, हे तर सगळेच विसरतात. २०२२ च्या सुरुवातीला ७५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. वार्षिक फी ५,००० डॉलर असेल, तर एवढ्यानेच दरवर्षी ५०,००० रुपये वाढले.

देशाची बातमी न वाचणे

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’तून आणावे लागले, २०२० पासून चीनमधली मुले दोन वर्षांहून अधिक काळ घरी बसून शिकली, आणि मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. ऑनलाइन गेलेल्या काळाची भरपाई प्रत्यक्ष प्रशिक्षणाने करून द्यावी लागते.

कागद हरवणे

तुम्ही खरोखर तिथेच राहून शिकलात, याचा पुरावा म्हणून पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के पाहिले जातात. मधे पासपोर्टचे नूतनीकरण झाले, तर रद्द केलेला जुना पासपोर्ट फेकू नका. प्रत्येक सत्राचे गुणपत्रक, फीची पावती आणि इंटर्नशिपची विभागवार नोंद त्या त्या वेळी शिक्क्यासह घ्या, आणि पदवीचे अपोस्टिल (कागद खरा असल्याचे त्या देशाच्या सरकारचे प्रमाणपत्र) किंवा दूतावासाचे साक्षांकन देश सोडण्यापूर्वी उरका, कारण नंतर त्याच कागदासाठी पुन्हा विमानाचे तिकीट काढावे लागते.