बी धरायचं झाड छाटणीच्या वेळीच ठरवा

घट बसले की आपल्याकडे कात्र्यांना धार लागते. पाऊस उघडतो, जमीन वाफशावर येते, छाटणी होते आणि तिथून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत गुलाबाचा पहिला बहर येतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांवर नजर ठेवून हा हिशेब आपण सगळेच मांडतो. यंदा त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट बसवा, अशी कळकळीची विनंती आहे. बागेतली सात-आठ झाडं बी धरण्यासाठी बाजूला काढा.

स्वतःची नवी जात काढावी असं पुष्कळांना वाटतं. पण ते सुचतं डिसेंबरात, झाड फुलांनी लगडल्यावर. तोवर संकराच्या, म्हणजे एका जातीचे पराग दुसरीला लावण्याच्या, कामाची फुलं तोडून बाजारात गेलेली असतात, उरलेल्यांवर मधमाश्या फिरून गेलेल्या असतात आणि फळ पिकेपर्यंत एप्रिलचं ऊन डोक्यावर येतं. हे काम छाटणीच्या आधी ठरलं तरच पार पडतं.

आपल्याला जात कशासाठी हवी, हेही आत्ताच मनाशी पक्कं करा. बहुतेक जण नवा रंग म्हणतात. मी म्हणेन, श्रावणात अंगावर पानं ठेवणारं झाड हवं. आपल्या बागांतले बरेचसे गुलाब फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इथल्या हवेत निवडलेले आहेत. जून ते सप्टेंबर पाऊस लागला की काळे ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात आणि ऑगस्टमध्ये झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. याची एक मोठी गाठ जुन्या संकरात आहे. 1900 साली फ्रान्समधल्या पेर्ने-दुशे यांनी 'सोलेई दोर' ही जात आणली आणि रोझा फीटिडा या रानगुलाबाचा गर्द पिवळा रंग आधुनिक गुलाबांत शिरला. त्याच रानजातीकडून काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याची खोडही पिढ्यान् पिढ्या उतरत आली. म्हणून पिवळी-केशरी जात आई-बाप म्हणून घेताना तिचं जुलै-ऑगस्टमधलं रूप आठवा.

आपल्या देशात हे काम नवं नाही. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. तांबेऱ्याला दाद न देणारा 'एन.पी. 809' गहू त्यांच्या कामातून आला. त्यांनीच 'रोझ शरबत', 'दिल्ली प्रिन्सेस', 'डॉ. होमी भाभा' यांसारखे कितीतरी गुलाबही काढले. कोडाईकनालला विरू वीरराघवन यांनी रोझा क्लिनोफायला ही पाणथळ जागी तग धरणारी आपली रानजात आणि ईशान्येकडची रोझा जायगँशिया हाताशी धरून उष्ण हवेला मानवणाऱ्या गुलाबांसाठी काम केलं. दोघांच्या कामातून आपण घ्यायची गोष्ट एकच: आधी झाड बघायचं, मग फूल.

आई कोणती, बाप कोणता

आईच्या, म्हणजे फळ धरणाऱ्या, झाडासाठी पुस्तक उघडू नका. आत्ता, छाटणीच्या आधी, बागेत एक फेरी मारा. सुकलेली फुलं काढायची राहून गेली असतील तिथे देठावर हिरवी-केशरी फळं आपोआप धरलेली दिसतील. ज्या झाडाला अशी फळं धरली आहेत, तेच बी देणार. काही जाती कितीही सुंदर असल्या तरी फळ धरत नाहीत, त्यांच्यावर महिनाभर मेहनत केली तरी हाती देठच येतो. अशा जाती बाप म्हणून, म्हणजे परागासाठी, वापरून बघता येतील. फार पाकळ्यांच्या भरगच्च फुलांत मात्र पराग कमी सापडतो, तेव्हा बाप निवडताना मोकळ्या, मध्यम पाकळ्यांचं फूल बरं.

एक शास्त्राची बाब लक्षात असू द्या. बागेतल्या बहुतेक हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा गुलाबांत 28 गुणसूत्रं असतात, तर अनेक रानजातींत 14. दोन्हींचा संकर झाला तर रोपात 21 येतात आणि असं रोप बहुधा पुढे बी धरत नाही. चैती गुलाबाच्या सुगंधाचा मोह पुष्कळांना पडतो. पण वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातीशी संकर केला की पहिल्या पिढीतली रोपं बहुधा आईबापांपैकी त्या एकदाच फुलणाऱ्यावर जातात, आणि त्यांचं पहिलं फूल दिसायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. पहिल्याच वर्षी हे नको. बारमाही फुलणाऱ्या दोन जाती घ्या.

निवडलेल्या झाडांची छाटणी एकाच दिवशी करू नका. आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत केली की आईचं फूल तयार असताना बापाचं संपलं, असं होत नाही. छाटल्यावर काप्यांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, कारण फांदीमर तिथूनच उतरते. या झाडांना नत्र बेताने द्या. झाड नुसतं कोवळं फोफावलं तर फळ टिकत नाही.

संकराची वेळ

नोव्हेंबरअखेर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा हा आपला काळ. त्यानंतर केलेल्या संकराचं फळ एप्रिल-मेच्या उन्हात अर्ध्यावर गळतं.

आईचं फूल घ्यायचं ते उमलायच्या बेतात असलेलं, बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या सुटलेल्या पण मधला कोंब अजून मिटलेला. त्याच्या आत पाहिलं तर पुंकेसर फिकट, ओलसर आणि घट्ट असतात. नखाला हळदीसारखी पिवळी पूड लागली तर उशीर झाला, त्या फुलाने स्वतःचेच पराग घेतले. ते सोडून पुढचं घ्या. सकाळी लवकर पाकळ्या एकेक करून मुरगळून काढायच्या. खाली हिरवी निदलं राहू द्यायची. मग नखं कापायच्या बारीक कात्रीने किंवा चिमट्याने पुंकेसरांचं सगळं कडं उतरवायचं. मधला स्त्रीकेसरांचा झुबका तेवढा उरतो. त्याला चिमट्याचा धक्का लागू देऊ नका. एकही परागकोश मागे राहिला नाही ना, हे फूल उन्हाकडे धरून बघा आणि बटर पेपरची टोपी घालून दोरा बांधा.

काढलेले पुंकेसर बापाच्या झाडाचे असतील तर टाकायचे नाहीत. कागदावर सावलीत एक दिवस पसरले की ते फुटून पूड सुटते. ती लहान काचेच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन आठवडे चालते. बाटलीवर जातीचं नाव पाहिजेच.

दुसऱ्या दिवशी दव उतरल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, टोपी काढा. स्त्रीकेसरांची टोकं चिकट, चकचकीत दिसली की तयार. बोटाच्या टोकाने पराग लावा. कुंचलाही चालतो, पण एका जातीचे पराग दुसऱ्यात मिसळायची भीती असते. बोट स्पिरिटने पुसता येतं. पुन्हा टोपी, आणि तिसऱ्या दिवशी आणखी एकदा पराग. टोपी आठवडाभराने काढून टाका.

आता खूणपट्टीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं आहे. एकतीस फळं धरली होती. मी प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मार्कर पेनने नावं लिहिली. फेब्रुवारीच्या उन्हात अक्षरं फिकी होत गेली आणि मार्चमध्ये फळं केशरी झाली तेव्हा पट्ट्या कोऱ्या होत्या. बी पेरलं, रोपंही आली, त्यांतलं एक फार देखणं निघालं. पण त्याचे आईबाप कोण हे मला आजही माहीत नाही, त्यामुळे तो संकर पुन्हा करता आला नाही. तेव्हापासून मी शिसपेन्सिलने लिहितो, नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरतो. पट्टीवर आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं नाव आणि तारीख. तेच वहीत. फ्रान्सच्या मेयां कुटुंबाचा जगप्रसिद्ध 'पीस' गुलाब नाव मिळण्याआधी 3-35-40 या आकड्याने ओळखला जात होता: तिसरा संकर, साल 1935, चाळिसावं रोप. नोंद अशी हवी की वीस वर्षांनी दुसऱ्या माणसाला वाचता यावी.

आणखी एक. संकर केलेल्या देठाला लाल सुतळी बांधा आणि तोडणीला येणाऱ्या बायकांना ती आधी दाखवून ठेवा. पाकळ्या नसलेला देठ त्यांच्या हिशेबी सुकलं फूल, आणि त्या तो निगुतीने छाटून टाकतात. दोष त्यांचा नसतो. गुरुवारच्या तोडणीच्या घाईत तुम्ही सांगितलंच नसेल तर त्यांना कळणार कसं?

फळ राखणं

दोन-तीन आठवड्यांत देठ पिवळा पडून गळला तर संकर लागला नाही. देठ हिरवा राहून खालची गाठ फुगू लागली तर लागला. तिथून शंभर ते एकशेवीस दिवस. या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नका आणि मुळाशी पाणी साचूही देऊ नका. मार्चपासून झाडावर 35 ते 50 टक्क्यांची शेडनेट घाला. लाल कोळी याच दिवसांत पानामागे येतो, तेव्हा पानं उलटून बघायची सवय ठेवा. खारी आणि उंदीर पिकल्या फळांवर येतात, म्हणून फळ रंगू लागलं की मलमलची पिशवी बांधा.

फळ हिरव्यावरून केशरी झालं की काढायचं, पूर्ण लाल होऊन सुरकुतण्याची वाट पाहायची नाही. फोडताना हातमोजे घाला. आतले बारीक केस कातडीला लागले की दिवसभर खाज सुटते. एका फळात पाचसुद्धा बिया निघतात, पंचवीससुद्धा. गर पूर्ण धुऊन काढा, कारण त्याच्यामुळे बी लवकर उगवत नाही.

गुलाबाच्या बीला थंडी लागते. आपल्याकडे ती फ्रिजमध्येच द्यायची. एप्रिलमध्ये निघालेलं बी सुकवून कागदी पाकिटात फ्रिजमध्ये ठेवा. श्रावणात ते ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून झिपच्या पिशवीत भरा आणि भाजीच्या कप्प्यात आठ-दहा आठवडे ठेवा. तिथे चार-पाच अंश तापमान असलं की झालं. कोकोपीट मुठीत दाबलं तर थेंब गळता कामा नये. दर आठवड्याला पिशवी उघडून बघा. बुरशी दिसली तर बी धुऊन नव्या कोकोपीटमध्ये घाला. एखाद्या बीला पांढरं मूळ फुटलेलं दिसलं तर ते त्याच दिवशी ट्रेमध्ये लावा.

गेल्या मोसमातलं बी ज्यांच्याकडे अशा तयारीत आहे, त्यांची पेरणीची वेळ दसरा ते दिवाळी, म्हणजे आत्ताच. ट्रेमध्ये कोकोपीट आणि थोडं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी), बी एक सेंटिमीटर खोल. काही बिया तीन आठवड्यांत येतात, काही तीन महिन्यांनी. शंभरातल्या वीस-तीस उगवल्या तरी समाधान माना, आणि ट्रे लगेच उलटा करू नका.

निवड

बारमाही जातींची रोपं उगवल्यापासून दीड-दोन महिन्यांत, बोटभर उंचीचीच असताना, पहिलं फूल दाखवतात. तो क्षण विसरता येत नाही. इवल्याशा काडीवर पाच-सात पाकळ्यांचं फूल, जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं. त्यावरून आकार आणि पाकळ्यांचा निकाल देऊ नका, त्या पुढच्या बहरांत वाढतात. रंग आणि वास टिपून ठेवा.

पहिली चाळणी भुरीची, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीची. डिसेंबर-जानेवारीत रोपांवर बुरशीनाशक मारू नका. ज्यांची कोवळी पानं पांढरी पडून आकसतात, ती काढून टाका. उरलेली फेब्रुवारीत पिशव्यांत किंवा गादीवाफ्यावर हलवा. दुसरी आणि खरी चाळणी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर फवारणी बंद. मला माहीत आहे, हे जिवावर येतं. ज्या रोपाचं फूल घरातल्या सगळ्यांना आवडलेलं असतं, तेच बहुतेक वेळा जुलैत उघडंबोडकं होतं, आणि आपण त्याला हळूच एक फवारा देतो. तसं केलं की पुढे ती जात घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या गळ्यात तो फवारा कायमचा पडतो. उपटा ते. शंभरातली आठ-दहा राहिली तरी पुरे.

त्या आठ-दहांचे डोळे पुढच्या हिवाळ्यात खुंटावर (मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या गुलाबावर) भरा, प्रत्येकी निदान पाच झाडं. स्वतःच्या मुळावर चांगलं दिसणारं रोप खुंटावर वेगळं वागू शकतं, म्हणून आपल्या नेहमीच्या रोझा इंडिकावर बघणं भाग आहे. दोन-तीन वर्षं फुलांची संख्या, दांड्याची लांबी, उन्हाळ्यातला रंग आणि पावसाळ्यातली पानं मोजत राहा. शेवटी एखादं उरतं. कधी तेही उरत नाही, मग वहीत बघून दुसरी जोडी लावायची.

हाती काही चांगलं लागलं तर ते विकण्याआधी पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 समजून घ्या. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असेल तर शेतकऱ्यालाही त्याची नोंदणी करता येते. पण देशात त्याची विक्री सुरू होऊन एक वर्ष उलटलं तर अर्ज करताना तो 'नवा' धरला जात नाही. दुसऱ्याच्या नोंदणीकृत वाणाचा संकरासाठी वापर करायला कायद्याचं कलम 30 मुभा देतं. मात्र पॉलिहाऊसची रोपं घेताना तुम्ही कंपनीशी करार केला असेल तर तो आधी वाचा. चाचणीच्या काळात कुणालाही डोळ्याची काडी देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

निळ्या गुलाबाचं बी म्हणून मोबाईलवर जी पाकिटं विकली जातात, ती घेऊ नका. गुलाबात निळा रंग देणारं डेल्फिनिडिन तयारच होत नाही. जपानमध्ये जनुकं बदलून जो गुलाब काढला तोही जांभळटच आहे, आणि बागेतल्या जाती विकल्या जातात त्या डोळा भरलेल्या रोपांच्या रूपात.

या आठवड्यात करायचं ते इतकंच: बागेत फळ धरलेली झाडं शोधा, त्यांना खूण करा, एक जाड वही आणि दोन शिसपेन्सिली आणा. गेल्या पावसाळ्यात कोणत्या झाडावर पानं टिकली होती, ते विसरायच्या आत पहिल्या पानावर लिहा.