बंब यायच्या आधी सोसायटीने काय तयार ठेवायचं: ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरसाठी

आग दिसली की १०१ किंवा ११२. १०१ थेट अग्निशमन दलाचा, तर ११२ वर पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी एकच फोन. दोघांनी दोन नंबर लावले तरी बिघडत नाही. बिघडतं ते "कुणीतरी केलाच असेल" म्हणून कुणीच फोन न केल्यावर.

पत्ता सांगण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. घोडबंदर रोडला सारख्या नावांची संकुलं पुष्कळ, त्यात मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथले उड्डाणपूल. पुलावर चढलेली गाडी तुमचा फाटा मागे टाकून पार पुढे उतरते. म्हणून "ठाण्याकडून येताना पूल चढू नका, खालून सर्व्हिस रोडला लागा, अमुक शाळेच्या पुढचं गेट" असं सांगा. मग विंग, कितवा मजला, काय जळतंय, आत कुणी अडकलंय का. पलीकडच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. हा मजकूर आजच कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये फोनशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या विंगचं नावही धड सांगता येत नाही. एक वॉचमन विजेरी घेऊन फाट्यावर उभा राहील हेही आधीच ठरलेलं हवं.

इमारतीभोवतीची ६ मीटरची वाट पाहुण्यांच्या गाड्यांसाठी नाही, बंबासाठी आहे. गणपतीच्या मांडवाने ती अडते आणि मांडव गेल्यावरही बांबू तिथेच पडून राहतात. तळटाकीचा किंवा पोडियमचा (पार्किंगवरच्या मोकळ्या मजल्याचा) स्लॅब भरलेल्या बंबाचं वजन पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. पेलणार नसेल तर तिथे ठळक पट्टा मारा.

आता पंपरूम. वरच्या मजल्यांवर जवान जिन्याने चढतात आणि पाणी तुमच्याच इमारतीच्या रायझरमधून, म्हणजे मजल्यामजल्यातून वर जाणाऱ्या आगीच्या पाण्याच्या उभ्या पाइपातून, घेतात. तो कोरडा असेल तर खाली उभ्या बंबाचा अर्धा उपयोग गेला. यंत्रणा साधी आहे. पाइपातला दाब थोडा उतरला की छोटा जॉकी पंप तो भरून काढतो. व्हॉल्व्ह उघडून दाब जास्त पडला की मुख्य पंप आपोआप सुरू होतो. वीज नसेल तर डिझेल पंप.

घोटाळा बहुधा असा होतो: कुठेतरी बारीक गळती असते, जॉकी दर काही मिनिटांनी घरघरतो, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात आणि कुणीतरी पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर फिरवून मोकळा होतो. गळती तशीच राहते. आगीच्या वेळी नळीतून पाइपात साठलेलं तेवढं पाणी येतं आणि धार मरते. यंत्रणा चालू असल्याचा एजन्सीचा दाखला, म्हणजे बी फॉर्म, मात्र फाइलमध्ये नीट लावलेला असतो!

म्हणून महिन्यातून एकदा सगळ्यात वरच्या मजल्यावरची होज रील (चाकावर गुंडाळलेली नळी) उघडा आणि दुसऱ्या माणसाला पंपरूममध्ये उभं करा. जॉकी लागला का, त्याने दाब सावरला का, हे त्याने गेजवर बघायचं. मग लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे त्या मजल्यावरचा रायझरचा मोठा व्हॉल्व्ह, उघडून मुख्य पंप लागतो का ते बघा. व्हॉल्व्हला होज जोडून तिचं तोंड गच्चीवर सोडा, नाहीतर लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जाईल. मुख्य पंप बहुतेक ठिकाणी हाताने बंद करावा लागतो. बंद केल्यावर स्विच परत ऑटोवर आला का, हे दोघांनी बघा. डिझेल पंपाची बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते, डिझेल असूनही.

होज बॉक्स उघडून बघा. पितळी नोझल चोरीला जातात, कपलिंगमधला रबरी वॉशर गळून पडतो आणि मग सांध्यातूनच निम्मं पाणी वाया जातं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेली नळी त्या घडीवर चिरते; वर्षातून दोनदा घडी बदला. आग विझवायच्या एबीसी पावडरच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्यात हवा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करून तपासायचा.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालक-भोगवटादारांवर, म्हणजे सोसायटीवर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा वरची चाचणी त्याच्याकडून समोर करून घ्या, मगच सही.

आग मीटर रूमची असेल तर पाणी मारू नका. सुरक्षितपणे हात पोचत असेल तरच मेन स्विच पाडा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. घर सोडताना दार ओढून घ्या, लिफ्ट टाळा. जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून गच्चीकडे धावू नका, धूर वरच चढतो. घरात परतून दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा आणि फोनवर फ्लॅट नंबर सांगा. फायर डोअर उघडं राहिलं की धूर जिन्यात शिरतो; त्याला चपलेची अडण लावायची सवय याच कारणाने मोडायला हवी.

बंब आल्यावर सेक्रेटरीने अधिकाऱ्याच्या हातात दोन गोष्टी द्यायच्या: पंपरूम, गच्ची आणि मीटर रूमच्या चाव्यांचा जुडगा, आणि एकटे राहणारे वृद्ध व अंथरुणाला खिळलेल्यांची मजलानिहाय यादी. अशा ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यातही आधीच करून ठेवा.

पोलीस गर्दी मागे हटवतात, रस्ता मोकळा करतात. त्यांना विरोध करून "आमची गाडी आत आहे" म्हणत पार्किंगमध्ये शिरू नका. आग विझल्यावर पंचनामा होईपर्यंत जळालेलं सामान हलवायचं नाही. विम्याच्या दाव्याला तो आणि अग्निशमन दलाचा अहवाल लागतो. सीसीटीव्हीचं चित्रण लगेच वेगळ्या ड्राइव्हवर घ्या, कारण डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) भरला की जुनं आपोआप पुसलं जातं. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागेपुढे आहे तेही पोलिसांना लिहून द्या.