या चुका टाळा: डीफायमध्ये ‘फक्त एक छोटं फंक्शन’ किती महागात पडतं

डीफाय म्हणजे बँकेऐवजी ब्लॉकचेनवरच्या कोडने चालणारे पैशांचे व्यवहार. तो कोड लिहायची भाषा सॉलिडिटी. ती जेमतेम हाताला लागली की पोरं थेट कर्जाचा प्रोटोकॉल (कोडनेच चालणारी कर्जाची व्यवस्था) काढतात आणि कोड रिव्ह्यूला पाठवतात. सोबतचं वाक्य ठरलेलं: "सर, मूळ कोड ऑडिटेड आहे, मी फक्त एक छोटं फंक्शन घातलंय." मी आधी तेच फंक्शन उघडतो.

ऑयलर फायनान्सचं काय झालं ते बघा. इथेरियम या ब्लॉकचेनवरचा कर्ज देणारा प्रोटोकॉल, ऑडिट एकाहून जास्त झालेली. त्यात मागाहून एक फंक्शन आलं: आपली ठेव प्रोटोकॉलच्या राखीव निधीला दान करा. दान देणाऱ्याला कोण अडवणार? म्हणून कुणी अडवलंच नाही. ठेव कमी झाल्यावर उरलेलं तारण कर्जाला पुरतं का, ही तपासणी पैसे काढताना होत होती, दान करताना नाही.

13 मार्च 2023 ला हल्लेखोराने आवे या दुसऱ्या कर्ज प्रोटोकॉलकडून 3 कोटी डायचं (डाय म्हणजे साधारण एका डॉलरच्या मोलाचं टोकन) फ्लॅश लोन उचललं, म्हणजे त्याच व्यवहारात फेडायचं बिनतारण कर्ज. त्यातले 2 कोटी ऑयलरमध्ये ठेवले आणि ऑयलरच्याच सोयीने ठेव आणि कर्ज दोन्ही कित्येक पटींनी फुगवलं. मग 10 कोटींची ठेव दान केली. खातं स्वतःच्या हाताने बुडीत काढलं! बुडीत खातं लिक्विडेट करणाऱ्याला, म्हणजे त्याचं कर्ज अंगावर घेऊन तारण उचलणाऱ्याला, ऑयलर घसघशीत सवलत द्यायचा. ती सवलत घ्यायला हल्लेखोराचाच दुसरा कॉन्ट्रॅक्ट (चेनवरचा प्रोग्रॅम) तयार होता. फ्लॅश लोनची परतफेडही त्याच व्यवहारात झाली. इतर टोकनांवरही हाच प्रयोग करून एकूण 19.7 कोटी डॉलर गेले. पुढे त्याने बहुतेक रक्कम परत केली, पण चोराच्या चांगुलपणावर प्रोटोकॉल चालत नाही.

माझी सवय साधी आहे. नवीन फंक्शनमुळे कुणाची शिल्लक कमी होते का, एवढं पहिल्यांदा बघायचं. होत असेल, तर पैसे काढण्याच्या फंक्शनमधली प्रत्येक तपासणी इथे का नाही, याचं लेखी उत्तर मागायचं. तोंडी चालत नाही. तोंडी सगळ्यांचंच सगळं बरोबर असतं.

दुसरी चीड डिप्लॉय करताना, म्हणजे कोड चेनवर चढवताना, भरायच्या आकड्यांची. ‘तो काय कोड नाही, नुसता आकडा आहे.’ नोमॅड हा ब्रिज, म्हणजे एका चेनवरून दुसरीवर पैसे नेणारी व्यवस्था. त्याच्या एका अपग्रेडमध्ये विश्वासार्ह रूट (संदेश खरा आहे का ते पडताळायचा आकडा) म्हणून शून्य नोंदवलं गेलं. जो संदेश कधी सिद्धच झाला नाही, त्याचा रूटही शून्यच. म्हणजे कुठलाही खोटा संदेश खरा! 1 ऑगस्ट 2022 ला एकाला ते सापडलं, बाकीच्यांनी त्याचा व्यवहार कॉपी करून फक्त पत्ता बदलला. कोड न कळणाऱ्यांनीही हात धुऊन घेतले, सुमारे 19 कोटी डॉलर गेले. चालेल ते तपासणाऱ्या टेस्ट सगळेच लिहितात. मी मेननेटच्या फोर्कवर (खऱ्या चेनच्या चाचणीपुरत्या नकलेवर) मुद्दाम खोटा संदेश पाठवतो आणि तो नाकारला जाईपर्यंत पुढे सरकत नाही.

बाकीच्या चुका झटपट.

आधी पैसे पाठवून मग शिल्लक वजा करणं. वजा होण्याआधीच घेणारा पुन्हा पुन्हा काढतो. 2016 मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामायिक निधीचे 36 लाख ईथर (इथेरियमचं चलन) याच वाटेने गेले, आणि अजूनही असा कोड येतो.

एकाच पूलमधला (टोकनांची अदलाबदल होते त्या साठ्यातला) त्या क्षणाचा भाव खरा मानणं. फ्लॅश लोनवाला तो एका व्यवहारापुरता हवा तसा हलवतो.

मल्टिसिग (व्यवहाराला अनेकांच्या सह्या लागणं) आहे म्हणून निर्धास्त राहणं. रोनिन ब्रिजवर 9 पैकी 5 सह्या पुरत होत्या आणि त्यातल्या 4 एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या. मार्च 2022 मध्ये 60 कोटी डॉलरहून जास्त गेले.

वापरणाऱ्यांनी अमर्याद अप्रूव्हल (कॉन्ट्रॅक्टला आपली टोकनं काढायची परवानगी) देऊन विसरून जाणं. लागेल तेवढंच द्या, काम झालं की रद्द करा. गॅसचे (व्यवहाराच्या शुल्काचे) चार पैसे वाचवायला जाऊ नका.

आणि दुरुस्ती गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसतो त्या साइटवर) टाकून डिप्लॉय ‘नंतर बघू’ म्हणणं. वर्महोल या ब्रिजची दुरुस्ती फेब्रुवारी 2022 मध्ये सगळ्यांना दिसत होती, चालू कॉन्ट्रॅक्टवर मात्र पोचली नव्हती. तेवढ्यात 1,20,000 रॅप्ड ईथर (दुसऱ्या चेनवर ईथरऐवजी चालणारं टोकन) हवेतून छापले गेले. सुरक्षेची दुरुस्ती आधी चेनवर जाते, गिटहबवर नंतर. उलट्या क्रमाने आलेली मी मंजूर करत नाही.