चालत्या चौकात उड्डाणपूल: आखणी उतरणीपासून सुरू करा

उड्डाणपुलाचा आराखडा बहुतेक वेळा मधल्या मोठ्या चौकापासून काढायला घेतात आणि उतरणी जिथं जागा उरेल तिथं टाकतात. हे उलट करायला हवं. पुलावरची सगळी वाहनं जिथं जमिनीला लागतात तिथं एक नवा चौक तयार होतो, नकाशात तो दाखवलेला असो वा नसो. जुन्या चौकातली कोंडी उचलून चारशे मीटर पुढे नेऊन ठेवायची नसेल, तर आधी दोन्ही टोकं पक्की करा, मग मधला भाग.

नागपुरात हे जास्तच लागू पडतं. वर्धा रोड, कामठी रोड, भंडारा रोड, अमरावती रोड हे जुन्या महामार्गांचे शहरातले तुकडे आहेत. लांबचा ट्रक आणि शाळेत निघालेली सायकल एकाच डांबरावर असतात. शिवाय चौक इतके जवळजवळ आहेत की एका चौकाची उतरण दुसऱ्या चौकाच्या तोंडाशी येते.

आधी मोजणी, मग पूल

चार रस्त्यांच्या चौकात १२ हालचाली असतात, वर चार यू-टर्न. प्रत्येक हालचाल वेगळी मोजा. सकाळी ६ ते रात्री १०, किमान तीन दिवस, त्यात एक आठवडी बाजाराचा. दिवाळीची सुटी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जमणारी गर्दी आणि डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन, या काळात मोजलेले आकडे रोजच्या रहदारीचे नसतात. ते आराखड्यासाठी वापरू नका.

मग वाहनांचं पीसीयूमध्ये रूपांतर करा, म्हणजे प्रत्येक वाहन किती कारच्या बरोबरीचं ते मांडा (पॅसेंजर कार युनिट). इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेप्रमाणे कार १. दुचाकींचा वाटा १० टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकी ०.७५. ऑटो ५ टक्क्यांपर्यंत असतील तर १.२, ट्रक-बस तेवढ्याच वाट्याला २.२. समजा गर्दीच्या तासात ६,००० दुचाकी, १,५०० कार, ४०० ऑटो आणि २०० ट्रक-बस आल्या. ४,५०० अधिक १,५०० अधिक ४८० अधिक ४४०, एकूण ६,९२० पीसीयू. वरखाली रस्ते वेगळे करायचा विचार साधारणपणे सगळ्या बाजू मिळून तासाला १०,००० पीसीयूच्या पुढे गेल्यावर करतात. म्हणजे या चौकात आधी सिग्नलची वेळ, डावीकडे वळायची मोकळी लेन आणि यू-टर्नच्या जागा बदलून बघायच्या. यातच काम भागलं तर पुलाचे कोट्यवधी रुपये आणि तीन वर्षांची धूळ दोन्ही वाचतात.

हे गुणक रस्त्याच्या सलग भागासाठी आहेत. सिग्नलचं गणित करताना दुचाकीचा गुणक बराच कमी धरतात, कारण लाल दिव्याला दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन एका कारच्या जागेत तीन-चार मावतात. दोन्हीकडे एकच आकडा वापरला की हिरव्या दिव्याची वेळ चुकते. ही चूक फार वेळा होते.

उतरण कुठे येते, ते मीटरमध्ये काढा

खालून ५.५ मीटर मोकळी उंची हवी. गर्डर (आडव्या तुळया) आणि स्लॅबची जाडी धरून वरचा रस्ता जमिनीपासून साधारण ८ मीटरवर जातो. १ ला ३० चढ (३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर) ठेवला तर नुसत्या चढाला २४० मीटर, आणि वरच्या-खालच्या गोलाईमुळे एकूण जवळपास ३०० मीटर लागतात. १ ला २५ केला तर चाळीसेक मीटर वाचतात, पण भरलेला मालवाहू ऑटो तिथं धापा टाकतो आणि त्याच्यामागे सगळी लेन रांगते. जागा अगदीच नसेल तरच १ ला २५ घ्या.

आता उतरणीच्या पायथ्यापासून पुढच्या सिग्नलच्या थांबारेषेपर्यंतचं अंतर बघा. एका लेनमध्ये तासाला ६०० पीसीयू येतात आणि दिवा ९० सेकंद लाल असतो असं धरा. १५ पीसीयू थांबतील, प्रत्येकी ६ मीटर धरून ९० मीटरची रांग. पण वाहनं कधीच सारखी येत नाहीत. दीडपट ते दुप्पट धरा, म्हणजे १३५ ते १८० मीटर. ही रांग उतरणीवर चढली की वरून वेगात आलेला दुचाकीस्वार वळण ओलांडताच उभ्या गाड्यांवर आदळतो. त्यात पुलावरून आलेल्यांना डावीकडे जायचं असतं आणि सर्व्हिस रोडवरच्यांना उजवीकडे. ही फुली मारायला आणखी शंभरेक मीटर लागतात. थोडक्यात पायथा ते थांबारेषा २५० ते ३०० मीटर मिळाले तर उत्तम. १५० मीटरही मिळत नसतील तर पूल त्या पुढच्या चौकावरूनही न्या किंवा एक चौक अलीकडेच उतरवा. मधला मार्ग शोधू नका, तो सापडत नाही.

लेनची बेरीजही इथंच करायची. पुलावरून दोन लेन उतरतात, सर्व्हिस रोडच्या दोन येऊन मिळतात, आणि पुढे रस्ता तीनच लेनचा असतो. चौथी लेन जाणार कुठे? एक तर पुलावरच, उतरण लागण्याआधी, पट्टे मारून दोनाची एक लेन करा, नाहीतर चार लेन पायथ्यापुढे १०० मीटर तरी चालू ठेवून मग हळूहळू एक संपवा. पायथ्याशी वाढवलेला दुभाजक आणि त्याला लागून ऑटो थांबा, ही जोडी तर कधीच नको.

वळणाऱ्या रॅम्पची त्रिज्या काढायची रीत सोपी आहे: वळणाच्या बाहेरच्या कडेची उचल आणि घर्षण यांची बेरीज करा, तिला १२७ नं गुणा आणि त्या गुणाकारानं वेगाच्या वर्गाला भागा. उचल ०.०७ आणि घर्षण ०.१५ धरलं तर ताशी ३० किलोमीटरला ३२ मीटर, ४० ला ५७ आणि ५० ला ९० मीटर. शहरातल्या भूखंडात ९० मीटर क्वचितच मिळतात. मग ३० चाच रॅम्प करा, पण वाहनचालकाला वेग कमी करायला पुलावरच १०० मीटर आधीपासून फलक, पट्टे आणि लेन अरुंद होत जाणं दिसलं पाहिजे. वळणावर पोहोचल्यावर लागणारा फलक काही कामाचा नाही.

यू-टर्न फार लांब टाकला तर लोक उलट दिशेनं सर्व्हिस रोड धरतात. दुचाकीला अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या आत परतीची वाट द्या. पुलाखालच्या खांबांमधून ती सहज काढता येते. तिथं खांबापासून १० मीटरपर्यंत झाडं, फलक, पार्किंग काही ठेवू नका. वळणाऱ्याला समोरून येणारं वाहन दिसलं पाहिजे.

जागा अगदीच नसेल तेव्हा थर वाढवता येतात. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना एकाच ओळीच्या खांबांवर उभी आहे. तिच्यासाठी छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडावा लागला. कामठी रोडवर गड्डीगोदामला तर खालचा रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर आहेत. पण थर कितीही असोत, उतरणीचा हिशेब तोच राहतो.

जमिनीखाली काय आहे

नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला नाइस आणि उत्तरेकडे कामठीचा वालुकाश्म. या खडकाला भूशास्त्रात नावच कामठीवरून मिळालं आहे. त्यामुळे एका पुलाच्या दोन टोकांना दोन वेगळे पाये लागू शकतात. प्रत्येक खांबाला निदान एक बोअर घ्याच. बेसॉल्टमध्ये दोन लाव्हा थरांच्या मधे लाल मातीचा पट्टा येतो. वरचा कडक थर लागला म्हणून बोअर थांबवला आणि खाली दोन मीटरवर तो पट्टा निघाला, असं होऊ नये. कडक खडकात पुढेही ३ ते ५ मीटर जाऊन खात्री करा.

वरची काळी माती हा वेगळा प्रश्न. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सर्व्हिस रोडखाली ती तशीच ठेवली तर दोन पावसाळ्यांत कडेनं रस्ता फाटतो. ०.६ ते १ मीटर माती काढून चांगला मुरूम भरा किंवा चुना मिसळून ती शांत करा. प्रमाण प्रयोगशाळेतून घ्या, बहुतेक वेळा ते ३ टक्क्यांच्या आसपास येतं.

आता वाहिन्या. कागदावरचे नकाशे बघा, पण विश्वास ठेवू नका. प्रत्येक खांबाच्या जागी मजुरांकडून हातानं दीड ते दोन मीटर चाचणी खड्डा खणून घ्या. जेसीबी नको. सबलीचा आवाज बदलला की थांबायचं. साधारण तीन फुटांवर बारीक वाळू लागली आणि तिच्यावर आडव्या ओळीत विटा किंवा टाइल्स दिसल्या, तर खाली ११ किंवा ३३ केव्हीची केबल आहे असं समजा. त्या विटा इशारा म्हणूनच ठेवलेल्या असतात. वीट उचलण्याआधी महावितरणच्या माणसाला बोलवा आणि पुरवठा बंद झाल्याचं लेखी घ्या. घरांना जाणाऱ्या बारीक पाण्याच्या नळ्या फूटभरावरच असतात आणि सगळ्यात जास्त त्याच तुटतात. दहा-बारा कॉलर आणि जोडण्या साइटवर तयार ठेवा. तासाभरात नळ जोडून दिला तर मोहल्ला तुमच्या बाजूनं राहतो. वाहिन्या हलवायला पायाभरणीआधी चार ते सहा महिने लागतात. वेळापत्रकात हे दाखवत नाहीत, आणि सगळ्या उशिराचं मूळ इथंच असतं.

रहदारी चालू ठेवून काम

पायासाठी खोल भोक पाडणाऱ्या पाइलच्या मशीनला रस्त्याच्या मधोमध ८ ते ९ मीटर लागतात. रस्ता ३० मीटरचा असेल तर दोन्ही बाजूंना साडेदहा मीटर उरतात: दीड मीटर पायवाट, दोन लेनसाठी ७ मीटर आणि उरलेले २ मीटर ऑटो-बस थांबायला. २४ मीटरच्या रस्त्यात साडेसात उरतात, म्हणजे पायवाट सोडून ६. तिथं पार्किंग पूर्ण बंद करावी लागते. दुकानदारांशी हे बोलणं कामाभोवती पत्रे लावायच्या आधी करा.

पत्र्यांची भिंत चौकाच्या कोपऱ्यापर्यंत सलग आणू नका. शेवटचे १५ मीटर जाळीचे ठेवा, नाहीतर आडव्या रस्त्यावरून येणारा दिसतच नाही. ताशी ५० पर्यंतच्या रस्त्यावर पहिला इशारा फलक १०० मीटर आधी आणि लेन बंद करण्याची तिरकी ओळ ५० मीटर लांब. पत्र्यांवर रिफ्लेक्टर आणि रात्री पिवळे दिवे. धूळ बसली की रिफ्लेक्टर काळा पडतो, म्हणून आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसण्याचं काम एका माणसाच्या नावावर टाका.

वळवलेली रहदारी ज्या गल्लीत जाणार तिचे खड्डे आधी भरा. लोंबत्या तारा वर घ्या, नालीवरचं तुटलेलं झाकण बदला. जड ट्रक शहराबाहेरूनच वळले पाहिजेत, मोहल्ल्यातून नाही. वाहतूक पोलिसांची अधिसूचना निघाल्यावरच डायव्हर्जन सुरू करा आणि पहिले तीन दिवस प्रत्येक वळणावर शिट्टीवाला माणूस ठेवा. महाल-इतवारी भागात मारबतीच्या दिवशी आणि उमरेड रोडवर ताजबागच्या उर्सात नवं डायव्हर्जन लावू नका.

गर्डर चढवणं रात्री ११ ते पहाटे ५ मध्येच. त्या स्पॅनखालची (दोन खांबांमधल्या भागाखालची) रहदारी पूर्ण बंद. एक लेन चालू ठेवायची मागणी होईल, ती मान्य करायची नाही. जुना पूल पाडताना बांधकामाचा क्रम उलटा घ्या. ताण दिलेल्या तारांचा गर्डर मधे कापला तर तो अचानक फुटतो. आधी टेकू, मग डायमंड वायरनं काप, मग क्रेन.

ऊन आणि पाणी

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एम४० ताकदीचं रस्त्याचं काँक्रीट टाकताना त्याचं स्वतःचं तापमान ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. गिट्टीवर सावली आणि पाण्याचा शिडकावा, मिश्रणाच्या पाण्यात बर्फ, आणि काम संध्याकाळनंतर. साधारण साडेचार मीटरवर सांधे कापायचे असतात, जाडीच्या पाव ते तृतीयांश खोलीपर्यंत. उन्हाळ्यात काँक्रीट लवकर धरतं. कापणाऱ्याला सकाळी बोलावलं तर तोवर स्लॅबनं आपली भेग आपणच पाडलेली असते. मशीन आणि एक जादा पातं रात्रीच साइटवर हवं. ओलं गोणपाट १४ दिवस.

उतरणीच्या भरावात माती २० सेंटिमीटरच्या थरांनी दाबा. भिंतीच्या पॅनेलपासून दीड मीटरच्या आत मोठा रोलर नेऊ नका, पॅनेल बाहेर ढकललं जातं. तिथं हातानं चालवायचा छोटा कॉम्पॅक्टर आणि जास्त फेऱ्या. या कोपऱ्यातलं दाबणं कमी पडलं की भराव खचतो, आणि पुलाच्या सांध्यावर बसणारा धक्का तिथूनच सुरू होतो. निदान साडेतीन मीटर लांब, ३० सेंटिमीटर जाड अप्रोच स्लॅब (पूल आणि भराव यांना जोडणारा काँक्रीटचा पट्टा) तो धक्का सौम्य करतो, पोकळ भराव मात्र सांभाळू शकत नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख भरावाला वापरता येते. पण बाजूंना मातीचं आवरण हवं, नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात ती वाहून जाते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलावाखालचे मोहल्ले पाण्यात गेले. पुलाचं पाणीही उतरणीशीच येतं. ३०० मीटर लांब, ९ मीटर रुंद उतरण म्हणजे २,७०० चौरस मीटर. तासाला ६० मिलिमीटर पावसात तिच्यावरून सेकंदाला ४५ लिटर पाणी खाली येतं. पायथ्याच्या दहा मीटर अलीकडे रस्ताभर आडवी जाळीची नाली टाका आणि तिचा पाइप थेट मोठ्या नालीला जोडा, सर्व्हिस रोडच्या कडेच्या छोट्या नालीला नाही. जाळी बिजागरीची असावी, म्हणजे गाळ काढायला उघडता येईल. पंधरा जूनच्या आधी टँकरनं पाणी सोडून बघा. कुठे साचतं ते पाचच मिनिटांत दिसतं.

पूल खुला झाल्यावर पायथ्याचा दुभाजक लगेच पक्का करू नका. सुटे काँक्रीट ब्लॉक आणि लवचीक खांब ठेवा, पंधराव्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा मोजणी करा, सिग्नलची वेळ बदला, ब्लॉक दोन-चार मीटर सरकवून बघा. रांग उतरणीवर चढायची थांबली, की मगच तिथं कायमचं काँक्रीट ओता.